दोन्ही घरचा पाहुणा

आपल्या मराठी भाषेचे व्याकरण मोठे शिस्तप्रिय आहे. दगड असो, नदी असो की घर असो, पुरुष, स्त्री किंवा नपुंसक यांपैकी एकेक पाटी गळ्यात अडकवल्यावाचून ते कोणालाही वाक्यात पाऊल टाकू देत नाही. या पाट्या कोणत्या न्यायाने वाटल्या हे विचारण्याची सोय नाही. मुलाने पाठ कराव्या, परप्रांतीयाने घोकाव्या आणि चुकल्यास हसून घ्यावे, एवढेच. त्या न्यायाने गोगलगाय स्त्रीलिंगी, जळूही स्त्रीलिंगी, गांडूळ नपुंसकलिंगी, आणि फूल म्हणाल तर गुलाबाचे असो वा धोतऱ्याचे, तेही नपुंसकलिंगीच. आता सृष्टीकडे पाहावे तो प्रकार अगदी निराळा. पावसाळ्यात आपल्या कुंपणावर चढणारी शंखवाली गोगलगाय एकाच देही नर व मादी दोन्ही असते. जळू तशीच, गांडूळही तसेच. आणि गुलाब व धोतरा यांच्या प्रत्येक फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर शेजारी शेजारी नांदत असतात. ज्यांच्यापाशी दोन्ही आहे त्यांची गणना 'दोन्ही नाही' या सदरात व्हावी, हा भाषेचा विनोद वैयाकरणांच्या ध्यानी आला नसला तरी वाचकांच्या यावा म्हणून येथे नमूद केला आहे.

अशा जीवांना शास्त्राने उभयलिंगी हे नाव दिले आहे. गोंदियाच्या एका महाविद्यालयात आम्ही बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवीत आलो आहोत, आणि आमचा अनुभव असा की, गांडुळाचा पाठ निघाला म्हणजे वर्गात दरवर्षी त्याच ठिकाणी हशा पिकतो. पूर्वी मेणाच्या थाळीत गांडूळ टाचण्यांनी पसरून त्याचे विच्छेदन करीत. आता ती चाल बंद झाली आहे व त्याची जागा चित्रांनी घेतली आहे. हशा मात्र कायम आहे. मागल्या बाकावरून कोणीतरी दबक्या आवाजात एक शब्द उच्चारतो, पुढल्या बाकावरच्या मुली वहीत मान घालतात, आणि आम्ही खडू हातात धरून हसे ओसरण्याची वाट पाहतो. या हशाचा आम्हांस राग येत नाही. परंतु ज्या गोष्टीला मुले हसतात तिलाच घारापुरीच्या लेण्यात त्यांचेच आईबाप हात जोडतात, हे पाहून कुतूहल मात्र वाटते. तेथे अर्धनारीनटेश्वराची भव्य मूर्ती आहे. डावे अंग पार्वतीचे, उजवे शिवाचे. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचे पहिले प्रकरणही शिवशक्तीच्या ऐक्यावरच आहे. देवाच्या ठायी जे पूर्णत्व, ते गांडुळाच्या ठायी कौतुक आणि माणसाच्या ठायी शिवी, असे का व्हावे? आणि ज्यांना हे दुहेरी देणे निसर्गाने खरोखरच दिले आहे, ते त्याचे करतात तरी काय?

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमचा जिल्हा धानाचा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला तरी त्याचे तळे, बांध्या आणि भात यांचे गोत्र तेच राहिले. मृग बरसला की पऱ्हे पेरले जातात, आषाढात चिखलणी व रोवणी होते, आणि पावसाळा सरता सरता धान निसवू लागतो. त्या दिवसांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास बांधावर उभे राहून एखादी लोंबी डोळ्यांजवळ धरावी. तिच्यावरील प्रत्येक हिरवी फोलकटी हे एकेक फूल असते. उन्हाची तिरीप लागली की फोलकटीच्या दोन पाकळ्या किंचित विलग होतात, आतून सहा पिवळसर पुंकेसर बाहेर लोंबू लागतात, आणि तळाशी दोन बारीक पिसांसारखी कुक्षी दिसते. तास-दीड तासात हे दार पुन्हा मिटते ते कायमचेच. वास नाही, रंग नाही, मध नाही; म्हणून मधमाशी सहसा तेथे रेंगाळत नाही व कवी तर नाहीच नाही. पण साऱ्या जिल्ह्याचे वर्षाचे अन्न त्या तास-दीड तासात ठरत असते.

अठराव्या शतकात लिनियस या स्वीडिश पंडिताने वनस्पतींची वर्गवारी पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून केली, तेव्हा सहा पुंकेसर व दोन कुक्षी असलेल्या धानाला त्याने 'सहा पुरुष, दोन स्त्रिया' अशा अर्थाच्या वर्गात बसवले. १७३५ साली त्याने आपली ही पद्धती प्रसिद्ध केली आणि फुलांच्या संसाराची वर्णने वरवधू, शयनगृह, मंचक अशा भाषेत केली. यावर सीगेसबेक नावाच्या एका वनस्पतिशास्त्र्याला इतका संताप आला की, परमेश्वर असला व्यभिचार वनस्पतींत निर्माण करणे शक्यच नाही असे त्याने छापून टाकले. लिनियसने त्याचा सूड शास्त्रीय रीतीने उगवला. एका चिकट, क्षुद्र तणाला त्याने सीगेसबेकचे नाव दिले. तात्पर्य, आमच्या मागल्या बाकावरचा हशा आणि त्या पंडिताचा संताप हे एकाच कुळातले आहेत. फुलांकडे माणसाच्या घरातून पाहिले की दोहोंपैकी एक व्हावयाचेच.

फुलांनी मात्र या बाबतीत एकच नियम पाळलेला नाही. नागझिऱ्याच्या किंवा नवेगावबांधच्या रानात फिरणाऱ्यास एका सकाळी सर्व तऱ्हा पाहावयास मिळतात. पळस व मोह यांची फुले उभयलिंगी. आंब्याच्या एकाच मोहोरात काही फुले केवळ नर व काही उभयलिंगी. म्हणून एवढा मोहोर येऊनही फळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच धरतात. परसातील दुधी-भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर फूल वेगळे व मादी फूल वेगळे. ज्याच्या पानांनी आमच्या भागात विडीचा धंदा उभा केला, त्या तेंदूची तर झाडेच निराळी. एक झाड नुसते फुलते, दुसऱ्याला टेंभरे लागतात. पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या काटवलाच्या वेलींचेही तसेच. जगातील सपुष्प वनस्पतींपैकी असा पुरता काडीमोड घेतलेल्या जाती शेकडा पाच-सहाच भरतात. बहुसंख्य फुले उभयलिंगीच आहेत. तेव्हा नर निराळा व मादी निराळी हा नियम आणि दोन्ही एकत्र हा अपवाद, अशी जी आपली समजूत आहे ती वनस्पतींच्या राज्यात उलटी करून वाचावी लागते.

पपईची गोष्ट तर आमच्या गृहिणींना आमच्याहून अधिक ठाऊक. परसात लावलेल्या रोपाला लांब देठांवर नुसत्या फुलांचे झुबके आले की 'हे नर निघाले' म्हणून ते तोडले जाते. पण पपईत तीन प्रकार असतात: नर, मादी आणि उभयलिंगी. बाजारात जी लांबट पपई दिसते ती बहुधा उभयलिंगी झाडाची. मादी झाडाचे फळ गोलसर असते. उभयलिंगी झाडाचे स्वतःच्याच परागाने धरलेले बी पेरले तर उगवणाऱ्या रोपांत दोन वाटे उभयलिंगी व एक वाटा मादी निघतात, नर निघत नाही. म्हणूनच जाणते बागाईतदार एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात आणि फूल दिसल्यावर हवे ते ठेवून बाकीची उपटतात. ज्याला आपण न्याहारीच्या ताटात कौतुकाने जागा देतो, ते फळ बहुधा या 'दोन्ही'पैकीच असते.

आता प्राण्यांकडे वळू. लखनौचे प्राध्यापक करम नारायण बहल यांनी १९२६ साली आपल्याकडील फेरेटिमा या गांडुळावर जो प्रबंध लिहिला, त्यावर भारतातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या; आम्हीही त्यांतलेच. या गांडुळाच्या अंगावर शंभराहून अधिक वलये असतात. दहाव्या व अकराव्या वलयांत वृषणे, तेराव्यात अंडाशये. चौदा ते सोळा या वलयांवर एक गुळगुळीत पट्टा, अठराव्यावर नराची छिद्रे. इतके सारे साहित्य एकाच अंगात असताना या प्राण्याने जन्मभर बिळात स्वस्थ बसून वंश वाढवला असता तर कोणी त्यास बोल लावला नसता. पण तसे घडत नाही. त्याच्या अंगातील नराचा भाग आधी पिकतो आणि मादीचा मागाहून; म्हणजे घरात दोघेही असून दोघांची कधी गाठ पडत नाही. पावसाळ्याच्या रात्री ते अर्धे बिळाबाहेर येते, दुसरे गांडूळ शोधते, आणि दोघे उलटसुलट दिशांनी एकमेकांस बिलगून तासभर पडून राहतात. त्या वेळी दोघेही देतात आणि दोघेही घेतात. मग आपापल्या बिळात परततात, आणि पुढे दोघेही आपापले कोश मातीत ठेवतात. या व्यवहारात दाता कोण व याचक कोण, हे ठरवता येत नाही.

तळ्यातील जळूही याच पंथाची. तिच्यात वृषणांच्या अकरा जोड्या व अंडाशयाची एकच जोडी असते, पण तीही दुसरीवाचून संसार मांडत नाही. उलट, त्याच बांधीच्या चिखलात राहणारा मोठा पाणगोगलगाईचा शंख घ्या. त्यात नर वेगळे व मादी वेगळी. कुंपणावरची गोगलगाय उभयलिंगी आणि दहा हातांवरची तिची पाणथळ बहीण एकलिंगी! आतड्यात राहणारा पट्टकृमी मात्र खरोखरच स्वतःशीच लग्न लावू शकतो. त्याची अडचण समजण्याजोगी आहे. एका माणसाच्या पोटात बहुधा तो एकटाच असतो, आणि दुसरा शोधण्यास तेथून बाहेर पडण्याची त्याला सोय नसते.

दोन्ही असूनही दुसऱ्याकडे का जावे, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी डार्विनने अकरा वर्षे खर्च केली. एकाच जातीची काही फुले तो त्यांच्याच परागाने फळवी व काही दुसऱ्या झाडाच्या परागाने; मग दोन्ही बियांची रोपे एकाच कुंडीच्या दोन बाजूंना लावून फूटपट्टीने मोजी. गणेशवेलीच्या जातीच्या एका वेलीवर त्याने हा प्रयोग दहा पिढ्या चालवला. संकरित रोपांची सरासरी उंची १०० धरली तर स्वपरागितांची ७७ भरली. हे सारे त्याने १८७६ च्या ग्रंथात मांडले आहे. तो प्रामाणिक होता, म्हणून त्या ग्रंथात एका हट्टी रोपाचीही हकीकत आली आहे. सहाव्या पिढीत एक स्वपरागित रोप असे निघाले की, त्याने आपल्या संकरित प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या इंचाने का होईना, मागे टाकले. डार्विनने कौतुकाने त्याचे नाव 'हिरो' ठेवले. येथे वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की, हा मनुष्य १८३९ साली आपल्या मामेबहिणीशी विवाहबद्ध झाला होता आणि त्याच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच दगावली होती. कुंड्यांतील रोपे मोजताना त्याच्या मनात केवळ रोपेच नसावीत.

आणि तरीही आमचा धान डार्विनला जुमानत नाही. फोलकटीचे दार उघडते न उघडते तोच त्याच्या पुंकेसरांतून पराग झडून स्वतःच्याच कुक्षीवर पडतो. शंभरांतील एखाददुसरा दाणाच काय तो परक्या परागाचा असेल. तळ्याकाठचा त्याचा रानटी भाऊबंद वाऱ्यावर भरवसा ठेवून बराच दुसऱ्याकडे जातो. पण शेतात आलेला धान माणसाच्या संगतीने घरकोंबडा झाला. या घरकोंबडेपणाचे शेतकऱ्यावर मोठे उपकार आहेत. चिन्नोरचा दाणा पेरला की चिन्नोरच उगवतो, शेजाऱ्याच्या बांधीत काहीही असो. म्हणून घरच्या कणगीतून बी काढावे, पेरावे, पुन्हा कणगीत ठेवावे, हा क्रम शतकानुशतके बिनबोभाट चालला.

या शिस्तीत मोड घातली ती चीनच्या युआन लोंगपिंग यांनी. धानालाही संकराने जोर चढतो हे त्यांना ठाऊक होते. पण जो आपल्या घराबाहेर पडतच नाही त्याचा संकर करावा कसा? १९७० साली त्यांच्या सहकाऱ्यांना हैनान बेटावर रानटी धानाचे एक असे रोप सापडले की, त्याच्यातील नराचा भाग जन्मतःच निकामी होता. त्याच्या आधारे १९७६ पासून चीनमध्ये संकरित धान शेतांत उतरला. भारतात असे वाण १९९४ च्या सुमारास आले. पीक वाढले, हे खरे. पण संकरिताचे बी घरी ठेवून पेरले तर पुढल्या वर्षी त्याची पांगापांग होते. म्हणून दर मृगाला पिशवी विकत आणणे आले. दुसऱ्याशी नाते जोडले की बळ वाढते आणि त्याबरोबर दुसऱ्यावर अवलंबणेही वाढते, हे धानाच्या शेतात रोख हिशेबाने दिसते. स्वयंपूर्णतेला किंमत पडते आणि संबंधालाही पडते. कोणती केव्हा मोजावी, एवढाच प्रश्न.

माणसाचे काय? दोन्ही लिंगांचे कार्य पुरतेपणी करणारा मनुष्य वैद्यकास ठाऊक नाही. काही बालके अशा शरीरलक्षणांनी जन्मतात की त्यांना दोहोंपैकी कोणत्याही एका खान्यात घालणे कठीण जाते. पण तीही गांडुळासारखी उभयलिंगी नव्हेत. ती माणसेच असतात, आणि त्यांना मागल्या बाकावरचा तो शब्द जन्मभर ऐकावा लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन खान्यांपलीकडच्या माणसांना तृतीयपंथी म्हणून कायद्यात ओळख दिली. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने अशा बालकांवर केवळ त्यांना एका खान्यात बसवण्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांना मनाई केली. व्याकरणाला अद्याप जे साधले नाही ते कायद्याला थोडेफार साधू लागले आहे.

परंतु माणसांच्या जगात 'दोन्ही' हा शब्द केवळ शिवी म्हणून वापरतात असे नाही. तो स्तुती म्हणूनही वापरतात, आणि आम्हांस तो प्रथम त्याच रूपाने भेटला. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९७९ साली ते विषमज्वराने गेले तेव्हा आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत होतो व धाकटी बहीण अंगणात रांगत होती. मागे उरली ती तळ्याखालची चार एकर बांधी. आईने शेती मोडली नाही. रोवणी, निंदण, कापणी ही बायकांचीच कामे; ती तिला येत होती. पण नांगराला बाईने हात लावू नये असा गावचा दंडक, आणि तळ्याचे पाणी वाटून घेण्याच्या बैठकीत पुरुषांनीच बसावयाचे. बैठकीला ती गेली, दाराशी उभी राहिली, आणि आमच्या बांधीची पाळी तिने मागून घेतली. पाळी मिळाली ती मध्यरात्रीनंतरची. कंदील घेऊन, आम्हांस बरोबर घेऊन, ती पाण्याच्या तोंडाशी जाई आणि फावड्याने माती ओढून पाणी आपल्याकडे वळवी. विंचवाकाट्याची भीती तिला नसावी असे आम्हांस तेव्हा वाटे.

गाव तिचे तोंडभरून कौतुक करी. 'बाई नाही, वाघीण आहे. लेकरांची मायही तीच अन् बापही तीच,' असे वडीलधारी माणसे पारावर बसून म्हणत, आणि ते ऐकून आमची छाती फुगत असे. एकदा आम्ही घरी येऊन ते तिला सांगितलेही. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "म्हणू दे. एक माणूस दोन होत नाही गा. एकच माणूस दुप्पट थकते." त्यानंतर पुष्कळ वर्षे ते वाक्य आमच्या मनात नुसते पडून राहिले. पुढे गांडुळाचा धडा शिकवू लागलो तेव्हा त्याचा अर्थ उलगडत गेला. गाव तिला 'दोन्ही' म्हणत होते आणि पाळी मात्र मध्यरात्रीचीच ठेवीत होते. स्तुतीला पैसा पडत नाही. दिवसाची पाळी देणे म्हणजे कोणीतरी आपली सोडणे आले. जिला दोन्ही म्हटले, तिला दुसऱ्याची गरज नाही असे मानायला सर्वजण मोकळे झाले. 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण दोन घरांत हेलपाटे घालणाऱ्याविषयी वापरतो. पण ज्याच्या अंगावर दोन्ही घरे टाकली आहेत, त्याच्या पोटाची चौकशी दोहोंपैकी कोणत्याच घरी होत नाही, असाही तिचा एक अर्थ आहे.

तिची चौकशी केली ती शेजारच्या एका काकूंनी. त्यांचे यजमान नागपूरला गिरणीत कामास होते व सणावारीच येत. काकूंकडे बैलजोडी होती आणि औत हाकणारे म्हातारे सासरे होते. आमच्याकडे बैल नव्हते. आईला लिहितावाचता येई व हिशेब येई. काकूंना अक्षर येत नव्हते. तेव्हा एका आषाढात दोघींचे ठरले, आणि पुढे ते कित्येक वर्षे चालले. त्यांचे औत आधी आमच्या बांधीत चिखल करी, मग त्यांच्या. आमची आई त्यांची नागपूरची पत्रे वाची व लिही, धान विकताना वजनाच्या काट्यापाशी उभी राही, आणि रात्रीच्या पाण्याला दोघी मिळून जात. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार केला, हे त्या दोघींनाही सांगता आले नसते. दोघी देत होत्या आणि दोघी घेत होत्या. आईच्या थकव्यात कमी पडली ती त्या वर्षापासून, आणि आम्हीही रात्री कंदील धरण्यातून सुटलो.

समुद्रात असे मासे आहेत की त्यांना ही अडचण पडत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील हेकरू बहुधा मादी म्हणून जन्मतो आणि पुढे नर होतो. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांत राहणाऱ्या क्लाऊनफिश नावाच्या माशांत मोठी मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो व संसार पुढे चालू राहतो. माणसाला हे जमत नाही. बाप गेला म्हणून आईचा बाप होत नाही, आणि आई गेली म्हणून बापाची आई होत नाही. उरलेल्या एकाला उरलेल्या एकाच्याच बळावर चालावे लागते. आणि ज्यांना ते दुहेरी अंग जन्मतः मिळाले आहे, ते गांडूळसुद्धा पावसाळी रात्री बिळाबाहेर येऊन शेजारी शोधतेच. मग ज्याला ते मिळालेले नाही त्याने एकट्याने दोघांचे काम रेटावे, आणि आपण बाजूस उभे राहून त्यास पूर्ण म्हणावे, हे कोणत्या सृष्टिनियमात बसते?

आजही आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ पुरुष रोवणी आटोपली की नागपूर, हैदराबाद अशा गावी कामास जातात, आणि बांध्या बायकांच्या अंगावर राहतात. कोठे बायको गेलेला एखादा बाप मुलांची वेणीफणी शिकत असतो. अशांच्या घरी गेले असता सहज तोंडी येते, 'तुम्ही तर आई आणि बाप दोन्ही झालात हो!' वाक्य वाईट नाही, आणि म्हणणाऱ्याचे मनही वाईट नसते. आमचे म्हणणे इतकेच की, ते म्हणून झाल्यावर लगेच उठू नये. त्यांच्या बांधीला पाण्याची पाळी कधीची आहे हे विचारावे, आणि ती रात्रीची असेल तर आपली दिवसाची त्यांना देता येते का ते पाहावे.